आम्ही त्याला काहीच बोललो नाही, मग ताण कशाचा?

नागपूरच्या एका ताईंनी धाकट्या भावाबद्दल विचारलं आहे. भाऊ १९ वर्षांचा, घर वर्धमाननगरच्या बाजूला, हिंगणा रोडवरच्या कॉलेजात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन महिन्यांपूर्वी वडिलांनी त्याचा फोन पाहिला आणि त्याला मुली नाही, मुलगे आवडतात हे घरी कळलं. त्या लिहितात: "आम्ही त्याला एक शब्दही बोललो नाही. मारलं नाही, कॉलेज बंद केलं नाही. तरी तो नीट जेवत नाही, रात्रभर जागा असतो. दहावी-बारावीला खूप हुशार होता, आता दोन विषय राहिले. आईनेही जेवण सोडलंय. परवा आईला म्हणाला, 'मी नसतो तर तुम्ही सुखात असता.' बाबांना कोणीतरी एका डॉक्टरांचं नाव सांगितलंय, इंजेक्शनांनी फरक पडतो म्हणे. मी सासरी असते, शनिवार-रविवार माहेरी येते. त्याच्या खोलीचं दार लावलेलं असतं. मी आत जाऊन बोलू, की तो बोलेल तोवर थांबू? आणि कोणी काही बोललंच नाही, तर त्याला ताण कशाचा आहे?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मोठा आहे, त्याच्याकडे येतेच. आधी 'मी नसतो तर' या वाक्याचं बघू.

हे वाक्य रागात निघालं असेल, थकून निघालं असेल, किंवा खरंच तसं मनात असेल. घरी बसून अंदाज बांधू नका, त्याला सरळ विचारा. "जीव द्यावासा वाटतो का रे तुला?" इतक्याच साध्या शब्दांत. विचारल्याने डोक्यात नसलेलं खूळ शिरेल, ही भीती मी गेली बावीस वर्षं आईबापांच्या तोंडून ऐकते आहे. तसं होत नाही. उलट विचारल्यावर मुलं बहुधा रडतात, आणि ते रडणं चांगलं असतं. तो 'हो' म्हणाला, किंवा कधी, कसं हेही ठरवल्यासारखं बोलला, तर त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. आईच्या बीपीच्या गोळ्या, घरातली बाकी औषधं, बागेसाठी आणलेली फवारणी, सगळं कुलपात जाऊ द्या. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानजवळच्या एम्सच्या तातडीच्या विभागात रात्रीही नेता येतं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो त्याच्या फोनमध्ये घालून द्या आणि तुमच्याही.

आता 'आम्ही काहीच बोललो नाही'.

हे वाक्य माझ्या धंतोलीच्या दवाखान्यात इतक्यांदा ऐकलं आहे की आता आईवडील आत येताना त्यांच्या चालण्यावरून मला ते ओळखू येतं. त्यात खोटं काही नसतं. हात उगारला नाही, घराबाहेर काढलं नाही, याचं त्यांना मनापासून समाधान असतं आणि ते चुकीचंही नाही, कारण असं करणारी घरं याच शहरात आहेत. पण तुमच्या भावाच्या बाजूने ते दोन महिने पाहा. बाबा पूर्वी जेवताना क्रिकेटचा स्कोअर विचारायचे, आता ताटाकडे बघून जेवतात. आई पोळी वाढते पण नजर देत नाही. मावशीचा फोन आला की आई उठून गच्चीवर जाते. टीव्हीवर तसला काही विषय आला की चॅनेल बदलतं. घरात भांडण झालं असतं तर त्याला निदान कळलं असतं की आपण कुठे उभे आहोत. आता प्रत्येक शांत क्षणाचा अर्थ तो स्वतः लावत बसतो, आणि पहाटे तीन वाजता लावलेला अर्थ कधीच बरा नसतो.

शिवाय हा ताण दोन महिन्यांचा नाही. तुम्हाला दोन महिन्यांपूर्वी कळलं. त्याला बहुधा सातवी-आठवीत कळलं असणार. म्हणजे सहा-सात वर्षं तो हे एकटा सांभाळत होता.

इलान मायर या अमेरिकी संशोधकाने १९९५ मध्ये आणि मग २००३ मध्ये जास्त विस्ताराने या ताणाची मांडणी केली. समलिंगी माणसांमध्ये उदासीनता आणि चिंतेचे आजार जास्त दिसतात हे आधीपासून माहीत होतं, आणि 'बघा, म्हणजे तोच एक आजार' असा अर्थ त्यातून काढला जायचा. मायर यांनी तो उलटवला. रोजच्या आयुष्यातला जो ताण सगळ्यांना असतो (परीक्षा, पैसा, दुखणीखुपणी) त्याच्यावर या लोकांना आणखी एक थर सोसावा लागतो. त्यातला काही बाहेरून येतो: टोमणे, मारहाण, नोकरी नाकारणं. काही आत चालू असतं: कोणी काही करेल या अपेक्षेने सतत सावध राहणं, लपवणं, आणि लोक जे म्हणतात ते आपल्यालाच खरं वाटू लागणं. या आतल्या तीन गोष्टींना समोर कोणी बोलायची गरज लागत नाही.

कागदावर हे कोरडं वाटतं, म्हणून तुमच्या भावाचा एक दिवस मनात घेऊन बघा. सकाळी आंबेडकर चौकातून मेट्रोत चढतो. समोर कोणी देखणा मुलगा उभा असेल तर नजर चटकन काढून घेतो, एक सेकंद जास्त राहिली तर? लोकमान्यनगरला उतरल्यावर मित्र भेटतात. "काऊन बे, काल दिसला नाही?" उत्तर देताना आवाज जरा जाड करतो, हे त्याचं त्यालाही आता कळत नाही. टपरीवर कोणीतरी कोणालातरी 'बायल्या' म्हणतं, सगळे हसतात, तोही हसतो. त्याच्याबद्दल कोणी बोललेलं नसतं! पण पोटात जे व्हायचं ते होतंच. मग कोणाची गर्लफ्रेंड, कोणाचं ब्रेकअप. त्याला विचारलं तर एक तयार गोष्ट असते, अकोल्याची कोणीतरी मुलगी, आणि मागच्या वेळी तिचं नाव काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवावं लागतं. फोन टेबलावर पालथा. हसताना हात किती हलतात, चालताना कंबर कशी आहे, सगळ्याचा हिशोब. संध्याकाळी घरी आला की थकलेला असतो आणि आई म्हणते, "दिवसभर बसून तर असतो, थकायला काय झालं?"

शरीराला खरा धोका आणि येऊ शकणारा धोका यातला फरक फारसा कळत नाही. दोन्ही वेळा तेच संप्रेरक वाढतात, छाती धडधडते, पचन बिघडतं, झोप उथळ होते. अशी कितीतरी मुलं माझ्याकडे पोटाच्या डॉक्टरांकडून येतात. एंडोस्कोपी झालेली, सगळं नॉर्मल, ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षभर चालू. डोकेदुखीवालेही असतात, एमआरआय काढून आलेले.

तुम्ही लिहिलंय की तो दहावी-बारावीला खूप हुशार होता आणि आता एकदम विषय राहिले. यात मला नवल वाटलं नाही. लपवणारी पुष्कळ मुलं आपली सगळी किंमत मार्कांवर लावतात. '९५ टक्के आणले तर उद्या कळलं तरी मला टाकणार नाहीत', असं गणित मनात कुठेतरी असतं. पाचँकिस आणि हॅटझेनब्युलर या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये कॉलेजच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं: समलिंगी मुलांची स्वतःबद्दलची किंमत बाकीच्या मुलांपेक्षा अभ्यास, दिसणं आणि स्पर्धा यांवर जास्त टांगलेली. आपल्या नागपुरात, जिथे आठवीपासून फाउंडेशन बॅच लागते, तिथे असं मूल कोणाच्या डोळ्यांवर येतच नाही. उलट शेजारी त्याचं कौतुक करतात. आता घरी कळलं आणि ते गणित कोलमडलं. ज्यासाठी मार्क आणायचे ती गोष्टच हातातून गेली. त्याला 'अभ्यासात लक्ष दे' म्हणून काही होणार नाही.

मी हे एका काळी म्हणाले आहे, म्हणून सांगते. प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. वसतिगृहात राहणारा एक मुलगा आला, गडचिरोलीकडचा. बरंच अडखळत त्याने सांगितलं. मी शिकले त्या काळच्या पुस्तकांत या विषयावर जे होतं ते आज वाचवत नाही. मी त्याला म्हटलं, "हे वय असतंच असं, जाईल निघून, अभ्यासात मन घाल." तो 'ठीक आहे मॅडम' म्हणाला, फी दिली, आणि पुन्हा आला नाही. त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. त्याने सांगायला किती दिवस धीर गोळा केला असेल हे मला नंतर, दुसऱ्या मुलांकडून कळलं.

तर आता ते इंजेक्शनवाले डॉक्टर. बाबांना नेऊ देऊ नका.

हे स्पष्ट लिहायला माझ्याकडे कारणं आहेत. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा मानसिक आजार नाही असं जाहीर सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं, की लैंगिक कल 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे ते डॉक्टर जे देऊ करताहेत त्यावर त्यांची तक्रार होऊ शकते. रॉबर्ट स्पिट्झर यांची गोष्ट बाबांना जरूर सांगा. १९७३ च्या त्या निर्णयात याच माणसाचा मोठा वाटा होता. पुढे २००३ मध्ये त्यांनी स्वतःच एक निबंध छापला, की काही लोक उपचारांनी बदलतात. जगभर त्याचा आधार घेतला गेला. २०१२ मध्ये, वय ऐंशीच्या घरात, पार्किन्सनने थरथरत्या हातांनी, त्यांनी तो अभ्यास चुकीचा होता असं लिहून समलिंगी लोकांची माफी मागितली. लोक 'बदललो' म्हणाले ते खरं की स्वतःची समजूत, हे तपासायचा त्यांच्याकडे काही मार्गच नव्हता.

इंजेक्शनं बहुधा पुरुष संप्रेरकांची असतात. त्यांनी इच्छा कमीजास्त होऊ शकते, तिची दिशा बदलत नाही. बाहेरून संप्रेरक टोचलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, शुक्राणू घटतात, रक्त दाट होऊ शकतं, तोंडभर पुरळ येतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चार महिन्यांनी फरक पडत नाही तेव्हा मुलाला वाटतं, औषधालाही दाद देत नाही इतका मी बिघडलेला आहे. हीच गोष्ट बाबाबुवांची, हीच 'लग्न करून द्या, सुधारेल' या सल्ल्याची; शेवटच्यात तर कोण्या दुसऱ्या घरच्या मुलीचंही आयुष्य ओढलं जातं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारा मोठा पुतळा, निघते तेव्हा आपण सगळे रस्त्यावर उभे राहून 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणतो. मलाही ती मिरवणूक आवडते. पण काही घरं पोटच्या पोराचीच मारबत करतात, त्याला कुठेतरी पाठवलं की पीडा गेली.

'असं का झालं' हेही आई विचारत असेल. तिचं काही चुकलं नाही एवढं तिला पुन्हा पुन्हा सांगा. मुलगी हवी होती म्हणून लहानपणी वेणी घातली, मी फार लाड केले, बाबा ड्यूटीमुळे घरी नसायचे, असल्या कारणांत तथ्य नाही. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. एखादं 'गे जनुक' सापडलं नाही, पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा दिसला. कल कोणी ठरवून निवडत नाही. माझ्या मते या 'का'वर फार वेळ घालवू नये.

मग उपचार कशावर करायचे? उदासीनतेवर, झोपेवर, चिंतेवर. तुम्ही जे लिहिलंय (जेवण तुटलं, झोप गेली, लक्ष लागत नाही, मरणाची भाषा, आणि हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त) ते नैराश्याच्या आजाराकडे बोट दाखवतं आणि तो बरा होणारा आजार आहे. औषध द्यावं लागलं तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या मुलांत पहिले काही आठवडे अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढतात का यावर डोळा ठेवावा लागतो, हे डॉक्टर सांगतीलच. न सांगितल्यास तुम्ही विचारा. गोळी एकदम बंद करू नका. गोळीबरोबर बोलण्याचे उपचार हवेत. या मुलांसाठी म्हणून जुळवून घेतलेल्या पद्धती आहेत. त्यांत मुलाला हे वेगळं करायला शिकवतात, की मनात येणारं 'मी घाणेरडा आहे' हे वाक्य माझं, की टपरीवर ऐकलेलं? ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्याला महिने लागतात.

डॉक्टर किंवा समुपदेशक निवडताना तो कुठल्या मोठ्या हॉस्पिटलात बसतो हे बघत बसू नका. आधी फोन करून विचारा: "माझा भाऊ गे आहे, त्याला नैराश्य आलंय. तुम्ही नैराश्यावर उपचार कराल की त्याच्या गे असण्यावर?" उत्तर देताना समोरचा अडखळला, किंवा 'आधी घरच्यांना भेटू, मग बघू बदलतं का' म्हणाला, तर फोन ठेवा. खाजगी परवडत नसेल तर मेडिकल आणि मेयोच्या मानसोपचार ओपीडी आहेत. मानकापूरच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक 'पागलखाना' म्हणून दचकतात, पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग चालतो आणि गोळ्या घेऊन लोक घरी जातात.

तुमचा भाऊ सज्ञान आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करायला बंदी आहे, आणि समाजाच्या नैतिक कल्पनांत बसत नाही म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. त्याने आत काय सांगितलं ते डॉक्टर बाबांना सांगणार नाहीत. जिवाला धोका असेल तर अपवाद. बरेच वडील याच मुद्द्यावर माझ्याशी भांडतात. "फी आम्ही देऊन राहिलो ना मॅडम?" देताय, पण पेशंट तो आहे.

आता आईबाबा. मी फोन पाहिल्याबद्दल बाबांवर चिडणार नाही. ज्या पिढीला या विषयावर शिवी सोडून दुसरा शब्दच मिळाला नाही, तिने दोन महिन्यांत सगळं पचवावं ही अपेक्षा जास्तीची आहे. याच मराठीत र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं आणि लोकांच्या लैंगिक प्रश्नांना न लाजता उत्तरं दिली. त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले. तरी आपल्या घरात शब्द पोचलेच नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाच्या ज्या न्यायमूर्तींनी २०२१ मध्ये याबाबतचा महत्त्वाचा आदेश दिला, त्या आनंद वेंकटेश यांनी निकाल देण्याआधी मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन स्वतः हा विषय शिकून घेतला, आणि आपल्याला आधी काही माहीत नव्हतं, आपल्याही मनात पूर्वग्रह होते हे निकालातच लिहून टाकलं. हायकोर्टाचा न्यायाधीश शिकायला बसला, तर आपल्याला कसली लाज? बाबांसारख्या माणसांना हा दाखला पटकन लागू पडतो, असा माझा अनुभव आहे.

घरच्यांच्या वागण्याचा परिणाम मोजलाही गेला आहे. कॅटलिन रायन यांच्या गटाचा २००९ चा अभ्यास अमेरिकेतला आहे, २१ ते २५ वयाच्या मुलामुलींवरचा, तेव्हा आकडा जसाच्या तसा वर्धमाननगरला लावू नका. ज्यांना वाढत्या वयात घरून खूप नकार मिळाला त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगणारे, घरून नकार नसलेल्या किंवा अगदी थोडा असलेल्यांच्या तुलनेत, ८.४ पट होते. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. या गटाने 'नकार' म्हणजे फक्त मारणं-हाकलणं धरलं नव्हतं. घरच्या कार्यक्रमातून वगळणं, मित्रांना भेटू न देणं, 'हे कोणाला सांगू नकोस' म्हणून गप्प करणं, तोंडातून एकही शिवी न काढता केलेलं हे सगळं त्यात येतं. उलट बाजूने, ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत, निदान एक मोठं माणूस ज्यांना आहे तसं स्वीकारतं अशा मुलांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न ४० टक्क्यांनी कमी आढळला. एक माणूस. ते आई किंवा बाबाच असायला हवं असंही नाही.

आईबाबांना लगेच पटायला हवं असा हट्ट धरू नका. त्यांना पटायच्या आधी करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. बाबांनी पुन्हा स्कोअर विचारावा. आईने ताट वाढून "बस माझ्याजवळ" म्हणावं. दोघांपैकी कोणालाही जमलं तर एकच वाक्य: "मला हे अजून समजलं नाही, पण तू माझा मुलगा आहेस आणि ते बदलत नाही." 'समजलं नाही' हे म्हणायला हरकत नाही, मुलं खोटं लगेच ओळखतात. आईने जेवण सोडू नये. तिच्या उपासाचा हिशोब तो स्वतःच्या नावावर मांडतो आहे, 'तुम्ही सुखात असता' हे त्यातूनच आलं असेल. आईला खरंच झेपत नसेल तर तिलाही डॉक्टरांकडे न्या, वेगळ्या वेळेला. आणि एक बजावून सांगते, त्याच्या परवानगीशिवाय काका-मामांना सांगू नका. 'घरचेच तर आहेत' म्हणून सांगितलेली गोष्ट आठ दिवसांत इतवारीपर्यंत जाते.

कायद्याचं थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा तो भाग काढला, त्यामुळे सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी लग्नाला मान्यता मिळाली नाही. मुलं मला विचारतात, "गुन्हेगार नाही, ठीक, पण पुढे काय?" याचा मनावर परिणाम होतो हे गृहीतक नाही, अमेरिकेत ज्या राज्यांत अशा लग्नाला परवानगी मिळाली, तिथे शाळकरी मुलांतले आत्महत्येचे प्रयत्न ७ टक्क्यांनी घटल्याचं २०१७ मध्ये छापून आलं. लग्नाच्या वयाचीही नव्हती ती मुलं.

डेटिंग ॲपचंही बोलायला हवं, कारण फोन पाहिला म्हणजे तुम्हाला ते दिसलंच असेल. ही मुलं भेटणार कुठे? फुटाळा तलावावर जोडपी बसतात तशी त्यांना बसता येत नाही. त्यामुळे ॲपवरून अनोळखी माणसाला भेटतात आणि काही जण लुबाडले जातात: एकांतात बोलावून फोटो काढतात, मग 'घरी पाठवतो' म्हणून पैसे. गप्प राहणाराच मुलगा त्यांना हवा असतो. त्याला सांगून ठेवा, असं काही झालं तर पैसे देऊ नको, मेसेज पुसू नको, मला फोन कर. सायबर तक्रारीचा नंबर १९३० आहे. धमकी देऊन पैसे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे आणि गुन्हेगार धमकी देणारा आहे. पहिली भेट गर्दीच्या जागी, दिवसा, आणि एका माणसाला कळवून. ॲप काढून टाकायला लावलं तर तो दुसऱ्या फोनवर घालेल आणि अडचणीत सापडला तर तुम्हाला सांगणार नाही.

नागपुरात या लोकांसाठी काम करणारी सारथी ट्रस्ट आहे, शहरात ऑरेंज सिटी प्राइड निघाली आहे. आपल्यासारखे लोक याच गावात राहतात, नोकरी करतात, सावजीत जेवतात, हे दिसण्याचा उपयोग माझ्या गोळीपेक्षा जास्त झालेला मी पाहिलाय. पण जाण्याची घाई नको, त्याला वाटेल तेव्हा. जगासमोर सांगणंही सक्तीचं नाही. काही जण पूर्ण आयुष्य चार माणसांना सांगून बऱ्यापैकी जगतात.

तुमच्या भावाची जी परिस्थिती आहे ती बऱ्यापैकी सोयीची आहे, हेही नोंदवते. मुलगी असती तर आतापर्यंत फोन काढून घेऊन स्थळं बघणं सुरू झालं असतं. दवाखान्यात मुली मुलांपेक्षा कमी येतात याचं कारण त्यांना घरातून एकटं निघता येत नाही, एवढंच. पारलिंगी मुलामुलींची लढाई अजून वेगळी, ती या उत्तरात कोंबत नाही.

राहिला तुमचा पहिला प्रश्न. आत जा. दार वाजवून जा, तो 'हो' म्हणेपर्यंत थांबा, पण तो स्वतः उघडेल याची वाट बघू नका. दोन महिने बंद असलेलं दार आतून उघडणं त्याला तुमच्यापेक्षा अवघड आहे. समोर बसून डोळ्यांत बघत 'आपल्याला बोलायचंय' असं करू नका, त्याने मुलं आक्रसतात. रविवारी सकाळी गाडीवर मागे बसवून तर्री पोह्याला घेऊन जा. गाडीवर समोरासमोर बघावं लागत नाही, माझ्या पेशंटांनी आयुष्यातल्या सगळ्यात अवघड गोष्टी गाडीवरच सांगितल्या आहेत. तुम्हीच आधी म्हणा, "मला माहीत आहे, आणि मला काही फरक पडत नाही. दोन महिने मी गप्प बसले, ते चुकलं माझं." मग जीव द्यावासा वाटतो का ते विचारा. तो एवढंच म्हणेल, "पोहे थंड होऊन राहिले, ताई." चालेल. पुढच्या रविवारी परत न्या.

आणि डॉक्टरकडे येताना तुम्ही या त्याच्याबरोबर, पण पहिला अर्धा तास बाहेर बसा.